उभा धागा

अण्णाप्पा मगदुमांना कानानं कमी येतं.
तीस वर्षं बेचाळीस मागांच्या मधोमध उभं राहिल्यावर
कुणालाही येईल.
म्हणून गाडी चालू केली की ते आधी खाली उतरतात,
बॉनेटवर तळवा ठेवतात
आणि डोळे मिटतात.
"बाबालाल, तिसऱ्यात काय तरी हाय."
तिसऱ्यात असतंच.

दोन हजार दोनची क्वालिस. पांढरी होती.
उद्यमनगरात माझ्या शेडसमोर ती उभी राहिली
की जाणारायेणारा बोलून जातो.
कुंडलिक खाडे, पूर्वीचा वडापवाला:
"हिच्यात चौदा माणसं घातली मी, टपावर दोन करडं,
गगनबावड्याच्या घाटात आईबहिणीवरनं शिव्या दिल्या,
पर थांबली न्हाई."
गडहिंग्लजच्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, मणक्याची वैरीण आहे ही,
आणि विकताना माझ्याच शेडमध्ये डोळे पुसले.
गुळाचे दलाल शांतिनाथ उपाध्ये:
"डबा आहे. दुसऱ्या देशात जुना झालेला साचा
आपल्या गळ्यात मारला."
खरंय तेही.
पण त्यांच्या पोराची नवी गाडी महिन्यातनं दोनदा माझ्याकडं असते,
आणि ती न्यायला बापलेक येतात
शेजाऱ्याच्या क्वालिसमधनं.

मला एकदा पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं होतं.
हॉलच्या भिंतीवर इंजिनांचे फोटो,
आणि मधे एक माग.
वाटलं, चुकून लागलाय.
साहेब म्हणाले, टोयोटा इथनं सुरू होते.
सुताराचा पोरगा. आई मागावर बसायची.
त्यानं पुढं असा माग केला
की उभा धागा तुटला तर तो आपला आपण थांबतो.
कापड नासत नाही,
माणसाला डोळे फोडत बसावं लागत नाही.
त्या मागाचा हक्क इंग्रजांना विकला,
त्याच्या पोरानं मोटारीचं वेड घेतलं.
मग लढाई.
मग पन्नास साल: पगाराला पैसे नाहीत, कामगार संपावर,
पोरानं खुर्ची सोडली.
मग शेजारच्या मुलखात दुसऱ्यांची लढाई, ट्रकांची ऑर्डर...
इथं साहेबांनी स्लाइड जरा लवकर ढकलली.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं, कानाशी ओरडून.
ते चहा गार होईपर्यंत गप्प.
मग म्हणाले, "आपला थांबत नव्हता रं."
तुटल्या धाग्यावर तसाच चालायचा,
हातभर कापड वाया जायचं,
तवर कुणीतरी दोन मागांच्या फटीतनं धावत यायचं.
यमनव्वाचं बोट असंच गेलं.
"थांबला असता तर,"
एवढंच. पुढं बोलले नाहीत.

माग त्यांनी गेल्या दिवाळीआधी विकले. किलोवर.
टेम्पो हातकणंगल्यावरून शिरोलीला गेले, फौंड्रीत.
माझा धाकटा भाऊ इलाही तिथं भट्टीवर असतो.
म्हणाला, जुनं बीड, झकास माल, काय कुरकुर न करता वितळला.
सकाळी साचे फोडले,
ब्रेकचे ड्रम निघाले.
कुठल्या गाडीचे?
"ड्रॉइंगवर नुसता नंबर असतोय, भाई."

तिकडं मागाची मोटार व्हायला
पंचेचाळीस वर्षं लागली म्हणे.
आपल्याकडं रातोरात झाली
आणि कुणी फोटो लावला नाही.

आज फिटनेसची तारीख.
पासिंग होईल का नाही, मला ठाऊक आहे, त्यांनाही.
तरी तिसरा इंजेक्टर साफ केला, बसवला, चालू करून बघितली,
बंद केली.
अण्णा तळवा ठेवून उभेच.
"आत्ता बरी चालतीया," म्हणाले.

अण्णा, बंद केलीय.

त्यांनी ऐकलं नाही.
मी परत ओरडलो नाही.